राखणदाराचे करंज

देवाला यात ओढू नका, असं मी त्याच दिवशी म्हटलं होतं. पण माझं ऐकतो कोण! आमचे हे, दत्ताराम, म्हणजे गावचं गाऱ्हाणं घालणारे. पिढ्यान्‌पिढ्या तो मान आमच्या घराचा. देवाशी रोज बोलणारा माणूस बायकोच्या बोलण्याला काय किंमत देणार?

आमची वाडी तोंडवलीच्या अलीकडे, खाडी जिथे आत वळते तिथे. घरापुढे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची सपाटी, आणि मागे भातशेती. लग्न होऊन आले तशी मी त्या चिखलात उतरले. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढायच्या, टोपली डोक्यावर घ्यायची आणि कट्टा गावच्या बाजारात जाऊन बसायचं. राधाबाईच्या तिसऱ्यांत रेती लागत नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं. म्हणायचं म्हणजे काय, खरंच लागत नसे.

मग कुठून तरी एक शेठ आला. खाजणाच्या कडेला त्यानं पत्र्याची शेड ठोकली आणि ट्रकाट्रकानं जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या आणून फोडायला लागला. आतलं शिसं वितळवून न्यायचं, आणि उरलेलं तेजाबाचं पाणी, काळी खरड, सगळं सरळ आमच्या चिखलात. दोन पावसाळे हा तमाशा चालला. वाडीतल्या बाबलीच्या दोन म्हशी तोंडाला फेस येऊन मेल्या. खाजणातल्या कुर्ल्या, खेकडे दिसेनासे झाले. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा शेठनं भट्टी विझवली, पत्रे उचलले आणि गेला. त्याचं काय जातंय! ओहोटी झाली की चिखलावर जांभळट साय धरायची, आणि तिच्यावर बगळासुद्धा पाय ठेवायचा नाही.

त्यानंतर वर्षभरानं तन्वी आली. विद्यापीठातली मुलगी, मातीचं शिकलेली. पहिल्याच दिवशी गुडघाभर चिखलात रुतली आणि मी तिला दंडाला धरून ओढून काढली. "बाये, चिखलात उभा रवाचा नसता, चालत रवाचा असता," मी म्हटलं, तशी चिखलानं माखलेली ती खो खो हसत सुटली. तेव्हापासून ती आली की आमच्याकडेच जेवायची.

तिनं चिखल तपासला आणि देवळाच्या मांडवात सगळ्यांना बसवून सांगितलं, "शिसं खूप आहे आणि आपोआप जाणारं नाही. उपसायचं म्हटलं तर सगळी खाडी ढवळून निघेल. म्हणून आपण झाडं लावू या. करंज खाऱ्या पाण्याच्या कडेला जगतो आणि मुळं खोल घालतो. तो पाण्याबरोबर थोडं थोडं विष वर ओढेल आणि फांद्या-पानांत साठवेल. मग पानगळीच्या आधी झाडं कापायची आणि विषासकट उचलून लांब न्यायची. ती परत फुटतील, परत कापायची. वेळ लागेल, पण जमीन सुटेल."

"म्हणजे झाडांक इख पाजून मारूचा?" बाळानं विचारलं. हा आमचा शेजारी, होडीवर असतो. जिभेला हाड नाही.

"मरत नाहीत, म्हणून तर त्यांना लावायचं," तन्वी म्हणाली.

दोन हजार दोन सालच्या पावसात अख्ख्या वाडीनं मिळून रोपं लावली. रोपं धरलीसुद्धा. आणि धरली तीच पंचाईत झाली! करंजाचा पाला म्हणजे भाताच्या चिखलात तुडवायचं उत्तम खत, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या वाडीतले लोक कोयते घेऊन उतरले आणि कोवळे डहाळे भारेच्या भारे उचलून नेले. 'पाला तोडू नये' असा पत्र्याचा फलक तन्वीनं लावला होता, तो एकाच्या खुराड्याला दार म्हणून बसला. कुंपणाची तार गेली ती गेलीच.

तन्वी रडकुंडीला आली. "काकी, हा पाला शेतात गेला तर विष भातात जाईल हो. कुणाकुणाला सांगू?"

"तू सांगा नको," आमचे हे म्हणाले. "मी बघतंय."

यांनी काय बघितलं? राखणदार बसवला. आमच्याकडे राना-बागांना, बांधांना राखणारा एक असतो. दिसत नाही, पण असतो. त्याच्या जागेतलं पान कुणी तोडत नाही. यांनी खाजणाच्या कडेला एक उभा दगड रोवला, त्याला तेल लावलं, नारळ ठेवला, चारी वाड्यांचे मानकरी बोलावले आणि गाऱ्हाणं घातलं. यांचा आवाज म्हणजे काय सांगू, ऐकणाऱ्याच्या पाठीतून काटा जावा असा. "बा राखणदारा म्हाराजा! ही झाडा आजपासून तुझी. जो कोण ह्या झाडांक कोयतो लायत, त्याचो वंश खुटो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

मी बायकांत उभी होते. तिथे गप्प बसले, पण घरी आल्यावर भांडले. "घालताना घातलात, काढताना कोण काढतलो? ती झाडा कापूचीच आसत ना?"

"कापूची त्येव्हा देवाक विचारू."

"आणि देव नाय म्हणालो तर?"

"तुका नायतरी खंयच्या गजालीत चांगला दिसता!" असं म्हणून हे पान लावायला बसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, याची सुरुवात ती तिथे झाली.

झाडांना मात्र त्या दिवसापासून कुणी हात लावला नाही. लावला तो एकानंच. वरच्या वाडीतल्या महादूनं शेळ्यांसाठी एक फांदी तोडली, आणि त्याच पावसात त्याचा मोठा मुलगा माडावरून पडून गेला. माडावरून माणसं पडतात हो! शेवाळलेल्या माडावर भर पावसात चढलं की पडतात. पण हे कोण ऐकून घेणार? महादू दगडापुढे येऊन कपाळ आपटून गेला आणि त्यानंतर लोक खाजणाच्या बांधावरून चालताना आवाजसुद्धा करेनासे झाले.

करंज वाढले. इतके दाट वाढले की दुपारी आत अंधार असायचा. शिमग्याच्या आधी पानगळ व्हायची आणि चिखलावर पानांचा थर पडायचा, पहिला कुजतो न कुजतो तोवर दुसरा. एवढी गर्द झाडी, पण आत पाखरू बसलेलं मी कधी पाहिलं नाही. मी तिसऱ्या काढायला आता पार खाडीच्या तोंडाशी जायची, पण येता-जाता त्या झाडांकडे पाठ करायची माझी हिंमत होत नसे. मी काही भित्री बाई नव्हे. तरीही नसे.

दगडाचं मात्र प्रस्थ वाढलं. दर सोमवारी हे तिथे दिवा लावायचे. झाड तोडायचं नाही, पण आपोआप पडलेली काटकी, वाळलेलं पान म्हणजे राखणदारानं स्वतःहून दिलेलं, म्हणून त्याची धुनी पेटायची. तिचा अंगारा लोक कपाळाला लावायचे, होडी ढकलण्याआधी होडीच्या पुढच्या टोकाला लावायचे. तन्वी मधली काही वर्षं पुढचं शिकायला लांब गेली होती, त्यामुळे तिनं यातलं काही पाहिलं नाही.

त्याच सुमारास सिद्धेशचं लग्न झालं. सिद्धेश आमचा एकुलता एक. मालवणला मोठ्या बोटीवर असतो, पंधरवड्यातून घरी येतो. त्याची बायको प्रियांका कट्ट्याच्या पलीकडची, शेतकऱ्याची मुलगी. मासे साफ करायला मीच शिकवलं तिला. पहिल्यांदा बांगडा हातात धरला तेव्हा तो आपल्याला चावेल असं तोंड केलं होतं तिनं! गुणाची पोर. माझ्या तोंडाळपणाला सगळी वाडी टरकते, पण ही कधी उलटून बोलली नाही आणि कधी घाबरलीही नाही. मला मुलगी नाही. ती उणीव तिनं भरून काढली, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही ती गोष्ट वेगळी.

पहिल्या खेपेला तिचं पोट तिसऱ्या महिन्यातच गेलं. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा आम्ही तिला तळहातावर ठेवलं. श्रावणापर्यंत सगळं ठीक होतं. मग तिचा रंग उतरायला लागला. गणपतीत तिनं मोदकाला हात लावला नाही. पोटात कळा यायच्या, डोकं ठणकायचं, हिरड्या काळसर दिसायच्या. दिवाळीपर्यंत हातातली ताकद गेली. पेला धरायची तो निसटायचा. मनगट उचलताना तिला दुसऱ्या हाताचा आधार लागायचा. कट्ट्याच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, रक्त काही वाढलं नाही.

पाचव्या महिन्यात बाईमाणसाला दम लागतो, वांती होते, हे मला कळतं. पण मनगट का पडेल?

दिवाळीनंतर तन्वी परत आली. आल्या आल्या तिनं करंजांखालचा चिखल तपासायला नेला आणि परत आली ती तोंड उतरवूनच. "काकी, वरचा थर पहिल्यापेक्षा वाईट झालाय. झाडांनी आपलं काम केलं. खोलवरचं विष वर आणलं. पण आपण झाडं कापलीच नाहीत. दर वर्षी पानं इथंच पडली, म्हणजे वर आलेलं सगळं वरच साठलं. या पानगळीच्या आधी कापायलाच हवीत."

मी तिला विचारलं, "ह्या इखान पोटुशी बाई आजारी पडता?"

तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं आणि मग आत प्रियांकाकडे. तिचे हात बघितले, हिरड्या बघितल्या. बाहेर आली तेव्हा ती हळू बोलत होती. "शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं, काकी. आधी नक्की करू या." तिनं कुडाळहून माणूस बोलावून प्रियांकाचं, माझं आणि यांचं, तिघांचं रक्त काढून घेतलं. ते मुंबईला जाणार होतं, वेळ लागणार होता.

मला नक्की करायची गरजच नव्हती. खाजणातून येतंय, दुसरं कुठून? आमची विहीर खाजणाला लागून, पानं उडून तिच्यात पडायची. मी त्या दिवसापासून विहिरीवर फळी टाकली आणि वरच्या वाडीतून डोक्यावरून पाणी आणायला लागले. तिसऱ्या किंवा खाडीतलं दुसरं काहीही घरात आणणं बंद केलं. अंगण दोन वेळा धुऊन काढायची. प्रियांकाला बांधाकडच्या बाजूला फिरकू द्यायची नाही. इतकं करूनही पोर दिवसेंदिवस खंगतच होती. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हातचं जेवून! मग एकच उरलं होतं. ते करंज गेलेच पाहिजेत.

पण झाडं राखणदाराची. मानकरी जमले आणि ग्रामदेवाला कौल लावला. पाषाणावर ओले तांदूळ चिकटवायचे, उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. हे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. त्या दिवशी यांचा आवाज कापरा होता. तांदूळ डावीकडचे पडले. परत लावले, परत डावीकडचेच.

"संपला," बाबली म्हणाला. "देव नाय म्हणता."

बायकांनी तिथे बोलायची रीत नाही. मी बोलले. "मेल्यानू, देवाक काय इचारलास? झाडा कापू काय, ह्याच ना? माझ्या सुनेच्या पोटात काय चल्लाहा, ता इचारलास?"

"राधाबाय, गप रव," कुणीतरी म्हणालं.

"रवतंय गप. तुमच्यातलो एक जण कोयतो घेवन चला, मगे रवतंय."

कुणी डोळे वर केले नाहीत. महादू मागच्या मागे निघून गेला. तेव्हा मीच म्हटलं, "बरा तर. पयलो घाव मी घालतंय. वंश खुटूचो तर माझो खुटात."

घरी ओटीवर आल्यावर हे भडकले. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना असं ओरडताना पाहिलं नव्हतं. "नातू पोटात आसा आणि तू वंशार कोयतो घालतंस? माझ्या तोंडातसून गेलेलो शबुद तो! तो फुकट जाणा नाय!"

"नातू पोटात आसा म्हणानच घालतंय! तुमचो शबुद ऱ्हवलो बाजूक, पोर मरता थंय!"

"ती मरता ती तुझ्यामुळे! तू झाडांच्या वायटार उठलंस, तेव्हापासून ती उठाक नाय!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. प्रियांका दारात उभी होती, हातातला तांब्या निसटलेला, पाणी पायांवरून वाहत होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिला धरून आत नेलं, निजवलं. "तू काय मनात आणू नको गो," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, खरोच लावतल्यात कोयतो?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी लावतंय." मला वाटलं, तिला धीर येईल.

पौषात, पानं पिवळी पडायच्या आधी, तन्वी कुडाळहून करवतवाली माणसं आणि एक मोठा ट्रक घेऊन आली. सकाळची ओहोटी होती. वाडी सगळी बांधावर उभी, पण बांधाच्या खाली एक पाऊल कुणी टाकलं नाही. बाळासुद्धा वरूनच बघत होता. हे दगडाजवळ उकिडवे बसले होते, कपाळाला अंगाऱ्याचे पट्टे, ओठ पुटपुटत होते. माझी बाजू मांडत होते की माझ्याविरुद्ध सांगत होते, देव जाणे.

प्रियांकाला मी घरीच ठेवलं होतं. आठवा लागला होता.

मी पदर खोचला आणि आत शिरले. पायाखाली कुजकी पानं मऊ, घोट्यापर्यंत. राखणदार नाही असं मी कधीच म्हटलं नाही. आहे, म्हणूनच मी मनात म्हटलं, काय घ्यायचं ते माझं घे, त्या पोरीचं नको. आणि कोयता घातला. लाकूड चिवट, कोयता अडकला. तो हलवून काढला आणि परत घातला. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, साप निघाला नाही. चीक तेवढा आला.

मग करवती सुरू झाल्या. झाडं पडायला लागली तसा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या चिखलावर ऊन आलं. माणसं फांद्या ओढत ट्रकात भरत होती. बांधावर बायका रडत होत्या, काही नमस्कार करत होत्या. मला इतकं हलकं वाटत होतं की मी मजुरांना दटावायला लागले, "पान एक खाली पडाक नको हां, सगळा उचला!"

तन्वीचा मोबाइल वाजला तो तेवढ्यात. ती बांधावर चढून बोलली, खूप वेळ नुसतंच ऐकत राहिली. खाली आली ती माझा हात धरून बाजूला घेऊन गेली.

"काकी, रक्ताचं कळलं. तुमच्यात आणि काकांच्यात थोडंसंच आहे, काळजीचं नाही. प्रियांकाच्या रक्तात भयंकर आहे. तुमच्या कितीतरी पट."

"म्हणजे?"

"म्हणजे विहीर नाही, काकी. तिसऱ्या नाहीत. ते तुम्ही तिघंही खात-पीत होता. तिच्या एकटीच्या पोटात काहीतरी जातंय. नीट आठवा. ती वेगळं काय खाते?"

"काय नाय. माझ्याच हातचा जेवता," मी म्हटलं. आणि खरंच मला काही आठवेना. मी उभी राहून चुलीपासून चुलीपर्यंत सगळा दिवस डोळ्यांपुढे आणला. पेज, भात, कुळीथ, नाचणीची भाकरी. सगळं आम्ही तिघं एकाच तोपातलं खातो.

तेवढ्यात सुभद्रा, बाबलीची म्हातारी आई, बांधावरून कशीबशी उतरली. तिनं मजुराच्या हातातली एक फांदी धरली. "एवढी माका दी रे बाबा. राखणदाराची आसा. जाळून राख तरी ठेवतंय घरात, पोराटोरांक होयत."

तन्वी तिच्या अंगावर ओरडलीच. ती कधी ओरडत नाही. "नाही आजी! राख तर मुळीच नाही! लाकूड जळतं, शिसं जळत नाही. ते सगळं राखेत उरतं. मूठभर राखेत भाराभर फांद्यांचं विष असतं. म्हणून तर आम्ही हे बंद भट्टीत जाळून राख पिंपात कोंडणार आहोत."

सुभद्रेच्या हातून फांदी गळून पडली. मी यांच्याकडे पाहिलं. हे दगडाजवळून उठले होते आणि परत खाली बसले. तोंडाचा रंग राखेसारखाच झाला होता. कपाळावरचा अंगारा हातानं पुसत होते, पुसतच होते.

"काय केलास तुमी?" मी विचारलं.

हे दगडाकडे बघायला लागले.

"सिद्धेशाच्या बापसा, काय केलास?"

"सकाळी," हे म्हणाले. "पाण्यातसून. चिमटीभर. तिसऱ्या म्हयन्यापासून. पयला पोट रवला नाय ना तिचा, म्हणान. ह्या तरी रवाचा म्हणान."

"रोज?"

"रोज. आणि मगे तिच्या हातातला बळ गेला..." यांचा तो गाव हलवणारा आवाज, त्यातून नुसती फुंकर यायला लागली. "म्हणान सांजचोय अंगारो देऊक लागलंय. मीच तिका सांगलंय, सासवेक सांगा नको. तू झाडांच्या वायटार उठलेलंस. अंगारो फेकून दिलं असतंस."

मी यांना मारलं असतं. कोयता हातात होता, तो मी खाली टाकला, कारण माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. पण त्यांचं तोंड बघितलं आणि शिव्यासुद्धा सुचल्या नाहीत. मी पाणी वाहत होते, अंगण धूत होते, देवळात मोठमोठ्यानं बोलत होते. आणि हे रोज सकाळी देवापुढे बसून, प्रेमानं, नातवासाठी. ती पोरगी आम्हा दोघांचंही ऐकत होती. मी देईन ते जेवत होती आणि हे देतील ते पीत होती.

मी धावले. या वयात खाजणातून घरापर्यंत कशी धावले ते माझं मला माहीत. मागून तन्वी येत होती, ट्रकवाल्याला ओरडून गाडी घराकडे घ्यायला सांगत होती.

प्रियांका देवघरापुढे भिंतीला टेकून बसली होती. एक हात पोटावर. पुढ्यात अंगाऱ्याची पत्र्याची डबी उपडी पडलेली, तळाला बोटांच्या रेघा. पेला आडवा झाला होता आणि तिच्या ओठांना, हनुवटीला राख लागली होती. मला बघून हसली ती. तिच्या दातांवरही राख होती.

"डबयेत होतो तो सगळो घेतलंय, आई," ती म्हणाली. "तुमी पयलो घाव घातलास, ता हयसर ऐकाक इला. म्हटला, आता राखणदार पोराक सोडूचो नाय. म्हणान सगळो घेतलंय. आता काय नाय जावचा."

मी तिच्या तोंडात बोटं घातली, पाणी ओतलं, जे सुचलं ते केलं. तन्वीनं एका बाजूनं धरलं आणि मी दुसऱ्या. दारात ट्रक उभा होता, मागे करंजाच्या फांद्या ताडपत्रीखाली बांधलेल्या, आणि दुसरी गाडी नव्हती. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी तिला बसवायचं, कुडाळला न्यायचं. ओटीच्या पायऱ्या उतरताना तिच्या पोटात कळ आली आणि तिचं सगळं ओझं माझ्या खांद्यावर आलं.

मी रडत होते. तिला वाटलं, मी कोयत्यापायी रडते. ती मलाच समजावत होती. "झाडाक हात लावलास म्हणान माझो तुमच्यार राग नाय हां, आई," असं ट्रकापर्यंत परत परत म्हणत होती.